सोबत कोण, हा रकाना

ताई,

आधी माफी मागते. माझं शुद्धलेखन तुम्हाला माहीतच आहे आणि अक्षर त्याहून वाईट. चौथीनंतर हातात पेन आला तो किराण्याची यादी करायलाच. ऱ्हस्व-दीर्घ मी अंदाजानं टाकते, भाजीत मीठ टाकते तसं. पोरींच्या वह्या तुम्ही तांबड्या पेनानं तपासायच्या, तसं हे तपासू नका. नुसतं वाचा. बोलते तसं मला लिहिता येत नाही, शाळेत बाईंनी शिकवलं तसंच येतं, म्हणून ही वच्छीच बोलते आहे का असं तुम्हाला वाटेल. मीच आहे.

दुपारची जेवणं आटोपली. पोरी ड्युटीवर गेल्या, भांडी धुऊन पालथी घातली. तुमची तेरवी होऊन थोडेच दिवस झाले. तेरवीला मी आले होते, पण मागं बायकांत बसले, जेवले आणि परत आले. तुमच्या भावाशी बोलायचं होतं. जमलं नाही. तुम्ही असत्या तर म्हणाल्या असत्या, "आली तशीच गेली ना मुकी?" हो ताई, तशीच आले.

बोलायचं होतं ते पैशांचं. तुम्ही मला मेस घालायला तीस हजार दिले होते. त्यातले पंधरा मी हप्त्याहप्त्यानं फेडले. मग एक दिवस तुम्ही हात मागं घेतला आणि पुढं कधी घेतलेच नाहीत. राहिलेले पंधरा हजार माझ्याकडे डाळीच्या मोकळ्या डब्यात आहेत. गणूचे बाबा म्हणतात, "घेणारी गेली, आता कोणाले देतं?" गंमत म्हणून नाही, चांगल्या मनानंच म्हणतात. पण मला ते द्यायचे आहेत. तुमची आठवण आली की आधी ते पैसे आठवतात आणि मग तुम्ही. मला तुम्ही आधी आठवायला पाहिजेत.

तुमची माझी पहिली गाठ दवाखान्यात पडली, माझ्या दुसऱ्या बाळंतपणात. गणूचं बाळंतपण माहेरी झालं होतं, साखरखेर्ड्याला. ही दुसरी वेळ, आम्ही नुकतेच मोताळ्याहून बुलढाण्याला राहायला आलो होतो. सिस्टरनं विचारलं, "सुमनबाई, कोणत्या इंजेक्शनचा त्रास झाला होता का कधी?" मी नाही म्हटलं. तुम्ही बाजूला तुमच्या नर्सिंग शाळेच्या पोरींना घेऊन उभ्या होत्या. तुम्ही जवळ आलात आणि विचारलंत, "माहेरचं नाव काय वं तुह्यं?"

"वत्सला."

"पह्यलं बाळंतपण वत्सलाचं झालं का सुमनचं?"

मला हसूच आलं. "वत्सलाचं. तिथं सगळे वच्छीच म्हणत."

"मंग आता वच्छीले विचारतो. वच्छे, तुले कोणत्या इंजेक्शननं त्रास झाला व्हता का?"

तेव्हा मला आठवलं. झाला होता. अंगभर गांधी उठल्या होत्या, श्वास कोंडला होता, आई रडत होती. मी लपवलं नव्हतं ताई. माहेरचं दुखणं माहेरीच राहिलं असं मला वाटलं होतं. लग्नात नाव बदललं, घर बदललं, तर अंगही नवीन झालं असेल, असं काहीतरी डोक्यात असावं. तुम्ही पोरींना म्हणालात, "पाह्यलं? ही एकच बाई हाय. पण साखरखेर्ड्याच्या कागदात वत्सला अन् आपल्या कागदात सुमन. कागदाले त्या दोघी हायत अन् एकमेकींले ओळखत नाईत." पोरी हसल्या. तुम्ही हसला नाहीत. माझ्या कागदावर तुम्ही लाल अक्षरात ते इंजेक्शन लिहिलंत आणि दोन्ही नावं लिहिलीत.

त्या दिवसापासून तुम्ही मला वच्छी म्हणू लागलात. सासरी ते नाव कोणी घेत नव्हतं. आई गेली तेव्हा ते संपलंच असं मी धरून चालले होते. आता परत संपलं.

पुढं गणूच्या बाबांना नर्सिंग शाळेच्या होस्टेलवर वॉचमनची नोकरी लागली. तिथं पोरींची मेस चालवणारा माणूस वर्षाच्या मधेच सोडून गेला. पोरी बिस्किटं खाऊन ड्युटीला जायला लागल्या. तुम्ही आमच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिलात.

"वच्छे, तू घाल मेस."

"मी? ताई, मले चार माणसांत बोलता येत नाई."

"भाकर बोलते का? वरण बोलते का? तू बी नोको बोलू. रांध फक्त."

शेगड्या, मोठी पातेली, परात, डबे, सगळं तुमच्या पैशानं आलं. मी म्हटलं, ताई, लिहून घ्या. तुम्ही तर सगळं लिहिणाऱ्या. पोरींना रोज सांगायच्या, केलं ते लिहा, नाही लिहिलं तर पुढच्या पाळीच्या सिस्टरसाठी ते झालंच नाही. माझ्या वेळी मात्र तुम्ही हात झटकला. "तू हायस ना इथंच, लिहायचं कायले?" यावर मी तुमच्याशी भांडायला पाहिजे होतं. मला भांडता येत नव्हतं. तेही तुम्हीच शिकवलंत, पण फार नंतर.

मग ते वर्ष आलं जेव्हा तुमच्याकडे नवीन विषय दिला. नर्सिंग इन्फर्मेटिक्स. हे नाव मी पाठ केलं होतं, पोळ्या लाटताना म्हणायचे. तुम्ही चहा प्यायला मेसमध्ये आलात आणि कपाळाला हात लावून बसलात.

"वच्छे, मले कॉम्प्युटर सुरू करता येते अन् बंद करता येते. मधलं काईच येत नाई. अन् आता हे शिकवू म्हणतात."

"मंग नाई म्हणा."

"नाई म्हटलं तर ते कोण्या कॉम्प्युटरवाल्या पोट्ट्याले देतीन. त्याले कॉम्प्युटर येईन, पण पेशंटचा हात कधी धरला नसीन त्यानं."

तुम्ही पुस्तकं आणलीत, रात्र रात्र वाचून चष्मा बदललात, आणि दुपारी माझ्यासमोर धडा म्हणून पाहायला लागलात. मी कणिक मळायची, तुम्ही कट्ट्याला टेकून शिकवायच्या. मला फार संकोच वाटायचा. मी म्हटलं, मला काय समजणार. तुम्ही म्हणालात, "समजलं का असं मी विचारणारच नाई. तसं इचारलं की सगळे हाव म्हणतात. तू फक्त सांग, कुठी हरवली." मला ते जमलं. हरवले की मी लाटणं थांबवायची. तोंडानं सांगायची गरज नव्हती. तुम्ही लाटण्याकडे बघूनच मागं जायच्या आणि परत पहिल्यापासून सांगायच्या.

पहिल्या दिवशीच तुम्ही चुलीचं सांगितलंत. म्हणालात, हा विषय म्हणजे नुसता कॉम्प्युटर नाही. एक दगड कॉम्प्युटरचा, एक दगड माहितीचा, म्हणजे माहिती कशी गोळा करायची, कशी ठेवायची, कशी शोधायची, आणि तिसरा दगड आपल्या शुश्रूषेचा. तिन्ही असले तर भांडं बसतं. एक काढला की कलंडतं. हे मला लगेच समजलं. माझं लाटणं थांबलं नाही म्हणून तुम्ही खूश झालात आणि गुळाचा खडा मागून खाल्लात.

दुसऱ्या दिवशी मात्र आपलं बिनसलं. तुम्ही म्हणालात, सगळ्याच्या चार पायऱ्या असतात. आधी नुसता आकडा किंवा नोंद. ती जुळवून मांडली की माहिती. अशा पुष्कळ माहितीतून कळतं ते ज्ञान. आणि ते कधी, कोणासाठी, कसं वापरायचं ते शहाणपण. मग म्हणालात, "हे पाह्य, ज्वारी म्हणजे आकडा. दळली की पीठ, म्हणजे माहिती. भाकर म्हणजे ज्ञान. अन् कोणाच्या ताटात किती वाढायची थे शहाणपण." तुम्हाला ते उदाहरण फार आवडलं होतं. माझं लाटणं थांबलं.

"काऊन वं? कुठी हरवली?"

मी पिठाचे हात झटकले. मग म्हटलं, "ताई, भाकरीची परत ज्वारी होत नाई. अन् तुमच्यात तं परत आकड्यापाशी जा लागते. तुम्हीच तर काल पोरीले रागावल्या, की वरचं वाचून राह्यली, खालचा आकडा जाऊन पाह्य म्हणून."

तुम्ही वहीतलं ते पान आडवी रेघ मारून खोडलंत. मला इतकं वाईट वाटलं की संध्याकाळी तुमच्यासाठी मुद्दाम शेवभाजी केली. तुम्ही जेवताना म्हणालात, "माह्यं उदाहरण मारलं अन् वरून शेवभाजी चारते." आणि दोनदा मागून घेतलीत.

पळीचं मात्र तुम्ही जिंकलात. ते मान्य करायचं राहून गेलं, आज करते. तुम्हाला राग होता की एकच गोष्ट प्रत्येक पोरगी वेगळ्या शब्दात लिहिते. जखम एकीला बरी, दुसरीला ठीक, तिसरीला आधीपेक्षा चांगली. मग दवाखान्यातल्या मशीनला काय कळणार आणि पुढच्या सिस्टरला तरी काय? एका गोष्टीला एकच शब्द पाहिजे, सगळ्यांनी तोच वापरायचा. हे पोरींना पटावं म्हणून तुम्ही माझी मेस धरलीत. हुकूम निघाला की कोणी थोडा भात, जरासं वरण म्हणायचं नाही. सगळं पळीच्या मापात. अर्धी पळी, एक पळी. पोरींनी तुमचं नाव पळीमॅडम ठेवलं. मलाही ते आवडलं नाही. मी म्हणायचे, "थोडं म्हणताना पोरीचं तोंड पाह्यलं की मले समजते किती थोडं."

तुम्ही म्हणायच्या, "तुले समजते. अन् तू गावाले गेली तर?"

"मी कुठी जातो?"

मग मी गेले. गावाला नाही, दवाखान्यात, पिशवीच्या ऑपरेशनला. माझ्या जागी आलेल्या बाईनं पळीवर सगळी मेस चालवली, कोणी उपाशी राहिलं नाही, काही उरलं नाही. मी घरी आल्यावर सगळं होतं तसं. तुम्ही नुसती पळी हातात घेऊन माझ्यासमोर हलवलीत. हो ताई. तुमचं बरोबर होतं.

पण त्याच ऑपरेशनात तुम्हाला तुमचं खरं उदाहरण सापडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमची एक पोरगी नोंदींचा टॅब घेऊन माझ्या खाटेशी आली. नवी होती, घाबरलेली. तिनं नियमानं विचारलं, "मावशी, दुखणं शून्य ते दहापैकी किती?" खाटेच्या पायथ्याशी माझे भासरे बसले होते, ह्यांचे थोरले भाऊ, मोताळ्याहून बघायला आलेले. त्यांच्यासमोर मी आयुष्यात कधी डोक्यावरचा पदर पडू दिला नाही. तिथं पोटाच्या खालचं दुखणं कसं सांगू? मी म्हटलं, "दोन."

पोरीनं दोन लिहिलं. बरोबरच केलं तिनं. तुम्ही मागून आलात, टॅब पाहिला, माझं तोंड पाहिलं, भासऱ्यांना पाहिलं. आणि गोड आवाजात म्हणालात, "दादा, लांबून आले तुम्ही. खाली चहा चांगला भेटते, घेऊन या बरं." ते गेले. तुम्ही पोरीला म्हणालात, "आता इचार."

मी म्हटलं, "आठ." आणि रडले.

इंजेक्शन आलं, मी झोपले. पुढं हे तुम्ही वर्षानुवर्षं वर्गात शिकवलंत. पोरी मेसमध्ये येऊन मला सांगायच्या, मावशी, आज तुमचा धडा झाला. फळ्यावर चार पायऱ्या. पहिली, दोन हा आकडा. दुसरी, ऑपरेशनचा दुसरा दिवस, सकाळ, ही बाई, दुखणं दोन, ही माहिती. तिसरी, दुसऱ्या दिवशी एवढं कमी सहसा नसतं आणि आपल्याकडच्या बाया मोठ्यांसमोर दुखणं सांगत नाहीत, हे ज्ञान. आणि चौथी पायरी तुम्ही पोरींनाच विचारायच्या. सगळ्या एका सुरात ओरडायच्या, "चहाले पाठवा!" मी लाजून मरायची. पण खरं सांगू, मला बरंही वाटायचं. माझ्या दुखण्यातून कोणालातरी काही कळलं.

आणि ती नवी पोरगी. तिला तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, नवीन माणूस नियमानंच चालतं, चाललं पाहिजे. वर्षानुवर्षं खाटांमधून फिरली की मग तिला नियमाच्या आधी तोंड दिसेल. माझ्याकडे पीठ मळायला आलेली मुलगीही आधी पाणी मोजूनच घालते. तिच्या हाताला कळायला वेळ लागतो, त्याला इलाज नाही.

यावरूनच आपलं मोठं भांडण सुरू झालं, आणि ते राहिलंच. तुमच्या मनात आलं की टॅबवरच्या दुखण्याच्या तक्त्यात एक रकाना वाढवायचा. दुखणं विचारताना सोबत कोण होतं, हा रकाना. तुम्ही म्हणायच्या, रकाने बनवणाऱ्यानं दवाखाना पाहिलेला नसतो, म्हणून रकाने नर्सनं सांगायला पाहिजेत, तेच या विषयाचं खरं काम. तुम्ही वर लिहिलंत, बैठकीला गेलात, परत लिहिलंत. उत्तर आलं की सूचना नोंदवून घेतली आहे. तुम्ही ते वाचून इतक्या हसलात. "माह्यी सूचना बी रकान्यात गेली वं, वच्छे."

मी तेव्हा जे म्हटलं त्याचा तुम्हाला राग आला. मी म्हटलं, "ताई, रकाना झाला तर पोरी त्यात भासरे असं लिहितीन अन् निघून जातीन. आता निदान तोंड तरी पाह्यतात. रकाना भरला की पाह्यणं बंद."

"म्हणजे रकाना नोको?"

"मले काय समजते. मी नुसतं सांगितलं कुठी हरवली."

तुम्ही तो चहा अर्धा टाकून गेलात. दोन दिवस आला नाहीत. मग आलात आणि म्हणालात, रकान्यानं पाहणं बंद होत नाही, कंटाळ्यानं होतं. रकाना आठवण करून देतो. दमलेल्या सिस्टरला रात्री आठवण लागते. मी म्हटलं, आठवण आणि हिशोब यात फरक आहे. तुम्ही म्हणालात, "चौथी शिकली अन् माह्यासंगं वाद घालते." मी म्हटलं, "तुम्हीच शिकवलं." मोठ्यानं वाद घालताना मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली नाही. कणकेचे हात घेऊन मी उभी होते आणि आवाज माझाच होता.

त्याच सुमारास तुम्ही हप्ता घेणं बंद केलंत. म्हणालात, तुझ्या ऐकण्यावर मी अख्खा विषय शिकले, आता हिशोब मिटला. मी म्हटलं, ऐकण्याचे कोणी पैसे घेत नाही. तुम्ही म्हणालात, "मी देतो." मी नोटा तुमच्या पर्समध्ये टाकल्या, तुम्ही त्या गणूच्या हाती परत पाठवल्या. मी तुमच्या डब्यात पोळीखाली ठेवल्या, तुम्ही डबा धुऊन त्यातच परत आणल्या. मग तुम्ही रिटायर होऊन लोणारला भावाकडे गेलात आणि मी डाळीचा डबा रिकामा करून ते पैसे त्यात ठेवले.

तुम्ही मोठ्या शहरातल्या दवाखान्यात भरती असल्याचं मला एका पोरीनं सांगितलं. ती आता तिथंच नोकरीला आहे. मी एकटी एवढ्या लांब कधी गेले नव्हते, पण गेले. तुम्ही किती बारीक झाला होता. खाटेजवळ तुमचे भाऊ, दिनकरभाऊ, उभे होते, तुमचा हात धरून. सिस्टर टॅब घेऊन आली. तिनं विचारलं, दहापैकी किती. तुम्ही भावाकडे पाहिलंत. तुम्ही त्यांना लहानपणापासून वाढवलेलं, ते तुमच्यासमोर रडू नयेत म्हणून तुम्ही हसलात आणि म्हणालात, "तीन."

सिस्टरनं तीन लिहिलं.

मी पदर सावरला. परक्या पुरुषाला मी कधी काम सांगितलं नव्हतं. पण तोंडातून निघून गेलं, "भाऊ, खालून जरा चहा आणा बरं. माह्यासाठी."

ते गोंधळले. पण गेले. सिस्टर माझ्याकडे बघत राहिली. तुम्ही डोळे मिटले आणि हसायला लागलात, आवाज न करता, अंग हलेपर्यंत. मग हसू थांबलं. तुम्ही म्हणालात, "नऊ. पोरी, नऊ लिही."

तिनं खोडलं, लिहिलं, पळत गेली. औषध मिळाल्यावर तुमचं कपाळ मोकळं झालं. मी पाय दाबत होते. तुम्ही हळूच म्हणालात, "रकाना असता तर तुले बोलावं लागलं नसतं."

मी म्हटलं, "रकाना असता तर मी आली नसती का?"

तुम्ही बोट वर केलंत, पोरींना थांबवताना करायच्या तसं. काहीतरी उत्तर होतं तुमच्याकडे. तेवढ्यात भाऊ चहा घेऊन आले आणि तुम्ही त्यांच्यासाठी परत हसलात. मग तुम्हाला झोप लागली. माझ्या बसची वेळ झाली. ते उत्तर काय होतं, यावर मी रोज विचार करते. कधी वाटतं तुम्ही मला हरवणार होता. कधी वाटतं नाही. रकाना पाहिजे असं मला आता थोडं पटतं. कारण सगळ्यांकडे वच्छी येणार नाही. पण पूर्ण पटलेलं नाही, हेही सांगून ठेवते.

मी तुम्हाला कधी म्हटलं नाही की तुम्ही माझ्यासाठी काय केलंत. आपल्यात तसं बोलायची रीत नव्हती. तुम्ही जेवायच्या, मी वाढायची, त्यात आलं सगळं असं वाटायचं. त्या दवाखान्यातून निघताना म्हणावं असं मनात होतं. तुम्ही झोपला होता म्हणून पायांना हात लावला आणि निघाले.

इथवर लिहून मी चार दिवस वही बंद ठेवली होती. आता पुढचं लिहिते, कारण मी लोणारला जाऊन आले.

गणूच्या बाबांनी विचारलं, मी येऊ का सोबत. मी नको म्हटलं. मेहकरला बस बदलली. पैसे ब्लाउजमध्ये, रुमालात बांधून. दिनकरभाऊ त्यांच्या किराणा दुकानात होते. दुकानात गिऱ्हाईक होतं. मी बाजूला उभी राहिले. ते गेलं की दुसरं आलं. तेही जाऊ दिलं. शेवटी भाऊच म्हणाले, "तुम्ही त्या चहावाल्या बाई ना?"

मी हो म्हटलं आणि रुमाल काउंटरवर ठेवला. सगळं सांगितलं, मेसचं, तीस हजारांचं, राहिलेल्या पंधराचं. मधे कुठं थांबले नाही. भाऊंनी ऐकून घेतलं आणि रुमाल हळूच माझ्याकडे सरकवला.

"अक्कानं सगळं लिहून ठेवलं हाय. कोणाचं काय द्यायचं, कोणाकडून काय यायचं. शेजारणीची चाळणी परत द्यायची, थे बी लिहिलं. सुमन नाव कुठंच नाई."

"वत्सला नावानं पाहा. नाई तं वच्छी."

त्यांनी आत जाऊन पाहिलं, परत आले. "कोणत्याच नावानं नाई. मी कसे घेऊ? उद्या कोणी म्हणीन, बहीण मेली अन् भाऊ तिच्या नावानं पैसे गोळा करू राह्यला."

मला वाटलं, ताई, तुम्ही इथंही हात मागं घेतला. चाळणी लिहिलीत आणि मला लिहिलं नाही. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मग मी म्हटलं, "भाऊ, त्याइनं नाई लिहिलं, कारण त्याइले घ्यायचे नव्हते. त्याइचं खरं. पण मी घेतले, मी खर्च केले, ती मेस त्या पैशावर उभी हाय. माह्यं बी खरं. लिहिलेलं पाहू नका. माह्या तोंडाकडे पाहा."

ते माझ्याकडे पाहत राहिले. "अन् नाईच घेतले तर?"

"तर उद्या परत येईन. परवा बी येईन. इथंच उभी राहीन, तुमच्या गिऱ्हाइकांसमोर."

"बाप्पा!" ते म्हणाले. "अक्का म्हणत व्हती, ती बोलतच नाई."

"नव्हती बोलत."

त्यांनी रुमाल सोडला. नोटा लहान मोठ्या होत्या, काहींना हळद लागलेली. त्यांनी अंगठा ओला करून मोजल्या, एक फाटकी नोट बाजूला काढली, मी दुसरी दिली. मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजल्या आणि म्हणाले, "पंधरा बरोबर हायत."

"आधीचे पंधरा अक्काइले पोचले व्हते," मी म्हटलं.

"मंग झाले तीस," ते म्हणाले, आणि गल्ला उघडून पैसे आत ठेवले. पूर्ण फिटले, ताई.